साखरेच्या हिशेबातला मिथेन

संपादकांनी विषय दिला तो मोठा होता: अन्नप्रक्रिया उद्योग आणि हवामानबदल. त्यातला साखरेचा भाग मी निवडला, कारण एका कारखान्याचा यंदाचा अहवाल अजून डोक्यातून जात नाही. साखरेच्या एका किलोमागे किती हरितगृह वायू सुटतो, हे परदेशी ग्राहकाने विचारलं होतं. कारखान्याला ‘कार्बन न्यूट्रल’ असा शिक्का हवा होता. मी आकडा दिला. शिक्क्यासाठी सही मात्र केली नाही.

कारखान्याची बाजू पोकळ नव्हती, ती आधी सांगते. एक टन ऊस गाळला की 280 ते 300 किलो बगॅस निघतो, त्यात निम्मं पाणी असतं. हाच बगॅस बॉयलरमध्ये जळतो, त्याच्या वाफेवर टर्बाइन फिरतं आणि टर्बाइनमधून बाहेर पडलेल्या वाफेवर रस आटतो. हंगामात कोळसा लागत नाही. उरलेली वीज ग्रिडला जाते, तेव्हा तिच्या प्रत्येक युनिटमागे कोळशाचा वाटा जास्त असलेल्या ग्रिडवरचा साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड वाचतो. धुराड्यातून जो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, तो उसाने बारा ते अठरा महिन्यांत हवेतूनच घेतलेला असतो. म्हणून आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल मंडळाच्या) नियमांत तो ऊर्जेच्या खात्यात मोजत नाहीत. हा नियम मला मान्य आहे. आपल्याच टाकाऊ मालावर सगळी उष्णता भागवणारे उद्योग फार थोडे आहेत आणि ही घडी बसवणाऱ्या आपल्या साखर अभियंत्यांचा मला अभिमान वाटतो.

अडचण पुढे, डिस्टिलरीत येते. मळीपासून एक लिटर अल्कोहोल काढलं की आठ ते पंधरा लिटर स्पेंटवॉश उरतो. तो गडद तपकिरी, आम्लधर्मी असतो आणि त्यात सेंद्रिय पदार्थ खच्चून भरलेले असतात. हे सेंद्रिय ओझं आम्ही सीओडीत मोजतो. सांडपाण्यातले पदार्थ पूर्ण जिरवायला किती ऑक्सिजन लागेल, याचं ते माप. स्पेंटवॉशमध्ये ते लिटरला 1 लाख मिलिग्रॅमच्या आसपास असतं. असं पाणी खोल लगूनमध्ये, म्हणजे उघड्या तळ्यात, साठवलं की तळाशी प्राणवायू उरत नाही आणि गोबरगॅसच्या टाकीत घडतं तेच उघड्यावर घडू लागतं. उसाने कार्बन डायऑक्साइड म्हणून घेतलेला कार्बन मिथेन होऊन हवेत परततो. शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेनची उष्णता कोंडण्याची ताकद वजनागणिक कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 27 पट. बगॅसला मिळणारी सूट इथे लागू होत नाही, आणि माझ्या अनुभवात बहुतेक गोंधळ नेमका इथेच होतो.

‘मॅडम, आमच्याकडे डायजेस्टर आहे’, हे उत्तर मला ठरलेलं मिळतं. डायजेस्टर चांगलाच आहे. तो सीओडीचा साधारण दोन तृतीयांश भाग खातो आणि त्यातून निघणारा बायोगॅस बॉयलरला कामी येतो. पण उरलेल्या एक तृतीयांशाचं काय? दिवसाला 30 हजार लिटरची डिस्टिलरी धरा. लिटरला दहा लिटर स्पेंटवॉश, म्हणजे 3 लाख लिटर. सीओडी 30 टन. डायजेस्टरनंतर उरतो 10 टन. आयपीसीसीच्या प्रमाणाने एक किलो सीओडीतून जास्तीत जास्त 0.25 किलो मिथेन, आणि दोन मीटरहून खोल लगूनला 0.8 हा गुणक. उत्तर येतं दिवसाला 2 टन मिथेन, म्हणजे 54 टन कार्बन डायऑक्साइडइतकं. तीसेक टन कोळसा जाळल्यासारखं!

चीफ केमिस्ट यावर हरकत घेतात आणि तिच्यात तथ्य आहे. डायजेस्टरमधून सुटून आलेला माल बराचसा मेलानॉइडिनचा असतो. पाण्याला तो रंग त्याच्यामुळेच येतो आणि जिवाणूंना तो सहज पचत नाही. त्यामुळे खरा मिथेन सूत्रापेक्षा कमी निघेल. कमी निघेल हे मलाही मान्य आहे. शून्य निघेल हे मान्य नाही. नियमात दिलेला गुणक सरासरीचा असतो. तो पटत नसेल तर मोजमाप करावं लागतं, आणि तेच कुणाला नको असतं.

मोजमाप अवघड आहे, हे कबूल. खालून उघडा असलेला डबा लगूनवर तरंगत ठेवायचा, आत साठलेला वायू सिरिंजने ओढून पिशवीत भरायचा आणि प्रयोगशाळेत क्रोमॅटोग्राफवर तपासायचा. काठाजवळच्या डब्यात फारसं काही सापडत नाही. मधल्या खोल भागात मात्र साय धरल्यासारखा तपकिरी फेस फोडून बुडबुडे झुंडीने वर येतात. ऊन चढलं की ते वाढतात, सकाळचा आकडा दुपारी टिकत नाही. त्यामुळे एका दिवसाच्या मोजणीवर विसंबून चालत नाही; वेगवेगळ्या ऋतूंत, वेगवेगळ्या जागी मोजावं लागतं.

लोकांचं लक्ष मात्र धुराड्यावर. पांढरा लोट दिसला की गावात तक्रार होते, वर्तमानपत्रात फोटो येतो. त्यातली बरीचशी वाफ असते. मिथेनला रंग नाही, वास नाही. लगूनचा जो वास येतो तो मुख्यतः गंधकाच्या संयुगांचा. सुशिक्षित वाचक दुसरा मुद्दा काढतात. पूर आणि नेमेचेक या संशोधकांच्या 2018च्या जागतिक अभ्यासात अन्नाच्या एकूण उत्सर्जनात प्रक्रियेचा वाटा जेमतेम 4 टक्के आहे, मग एवढा खटाटोप कशाला? शेतातला वाटा मोठा आहे, हे खरंच. उसाच्या खतातून सुटणारा नायट्रस ऑक्साइड आणि जाळलेलं पाचट मीही हिशेबात धरते. पण शेतातला वायू लाखो बांधांवर विखुरलेला असतो. लगूनचा वायू एका कुंपणाच्या आत, एका व्यवस्थापनाच्या हाताखाली असतो. तो अडवणं त्यामानाने सोपं आहे.

उपायही माहीत आहेत. लगून झाकून वायू गोळा करता येतो. स्पेंटवॉश आटवून खास बॉयलरमध्ये जाळता येतो. मात्र जोडीला कोळसा घातला की तो हिशेबात आलाच पाहिजे. प्रेसमडपासून (रसाच्या गाळापासून) सीबीजी, म्हणजे दाबाखाली भरलेला बायोगॅस, करणारे कारखानेही आता उभे राहिले आहेत. 2018च्या जैवइंधन धोरणाने बी-हेवी मळीपासून (जिच्यात साखर जास्त उरते अशा मळीपासून) इथेनॉल करायला वाट मोकळी केली, 2025मध्ये पेट्रोलमधलं इथेनॉल 20 टक्क्यांवर गेलं आणि डिस्टिलऱ्यांची क्षमता वाढत गेली. स्पेंटवॉश त्याच प्रमाणात वाढणार. इथेनॉलला हिरवं इंधन म्हणायचं असेल, तर त्याच्यामागे उरणाऱ्या पाण्याचा हिशेब आधी स्वच्छ हवा. दरवर्षी तेच वाक्य नव्या अहवालात लिहिताना थकवा येतो, पण ते गाळावं असं अजून एकदाही वाटलेलं नाही.

दिवाळीच्या सुमारास बॉयलर पेटतात, गव्हाणीत मोळ्या पडतात. वाचकांत ऊस उत्पादक सभासद असतील, त्यांना माझी विनंती आहे. सर्वसाधारण सभेत उसाचा दर जरूर विचारा, त्याबरोबर दोन गोष्टी आणखी विचारा: डायजेस्टरच्या गॅस मीटरची रोजची नोंद आहे का, आणि बॉयलर बंद असताना गॅस जाळणारी फ्लेअर पेटलेली होती का? भर दुपारी तिची ज्योत डोळ्यांना दिसत नाही, म्हणून नोंदवही मागा. कारखाना तुमचा आहे; त्याच्या लगूनचा हिशेबही तुमचाच आहे.