शीन, ये, खे

आमच्या उर्दू शाळेत 'शेख' लिहायला तीन अक्षरे लागतात : शीन, ये आणि खे. दाखलखारीज रजिस्टरात आमच्या आधीच्या उस्तादांनी ते वर्षानुवर्षे लिहिले, कोणाचे काही अडले नाही. इंग्रजीत मात्र तेच आडनाव चार-पाच तऱ्हांनी लिहिले जाते. आधारकार्डावर एक, जन्मदाखल्यावर दुसरे, शाळेच्या नोंदीत तिसरे. 'मोहम्मद'चे तर विचारूच नका; कोठे पूर्ण, कोठे नुसते 'मो.'. संगणकाच्या लेखी ती वेगवेगळी मुले.

२०१५ मध्ये 'सरल' आले, पुढे 'यू-डायस प्लस', २०२४ मध्ये 'अपार' क्रमांक. माहिती बहुतेक तीच, भरायची नव्याने. पोषण आहाराचा रोजचा आकडा निराळाच. आधार जुळले नाही तर मूल संचमान्यतेत धरले जाणार नाही, पट कमी दिसेल आणि आमच्यातला कोणीतरी अतिरिक्त ठरेल, ही धास्ती कायम. रात्री सर्व्हर जरा मोकळा असतो म्हणून इशाच्या नमाजनंतर आम्ही मोबाईल घेऊन बसतो. पडद्यावरचे चक्र फिरत राहते. ग्रुपवर 'आजच, तातडीने' असा संदेश येऊन पडतो. घरचे बोलतात, आम्ही नुसते 'हूं' म्हणतो. झोपेतही फोन वाजल्याचा भास होतो.

गेल्या वर्षी तिसरीतल्या एका मुलीचे नाव काही केल्या जुळेना. तिच्या अब्बांना मजुरी बुडवून दोनदा आधार केंद्रावर जावे लागले. चौथ्या दिवशी नाव जुळले. आम्ही सुटकेचा श्वास सोडला, तर ती समोर पुस्तक घेऊन उभी.

"सर, मेरा सबक सुनते क्या?"

पहिल्याच ओळीत ती अडखळली. चार दिवसांत तिचे नाव आम्ही कितीदा टाईप केले होते. सबक एकदाही ऐकला नव्हता. त्या दिवशी आम्हांला आमचीच शरम वाटली.

नोंदी नकोत, असे आम्ही म्हणत नाही. शिष्यवृत्ती आणि पुस्तके मुलांपर्यंत पोहोचायची तर हिशेब हवाच. पण त्या दिवसापासून पहिल्या दोन तासिका मोबाईल कपाटात राहतो. माहिती उशिरा गेली म्हणून एकदा लेखी खुलासा मागितला गेला. 'वर्गात शिकवत होतो', एवढेच लिहून दिले.

ती मुलगी आता पानभर वाचते. अडखळते, पण वाचते.