खिशातले प्राणी

आगपेट्यांवरची चित्रे, टपालाची तिकिटे, परदेशी नाणी, मोरपिसे, काचेच्या गोट्या यांपैकी कशाचाही नाद बालपणी ज्याला लागला नाही, असा मनुष्य विरळाच म्हणावा लागेल. अशा संग्रहाची मौज थोडी विलक्षण असते. शंभर तिकिटे डब्यात व्यवस्थित लावून ठेवलेली असतात. पण मुलाच्या मनात रात्रंदिवस घोळत असते ते एकशेएकावे, जे शेजारच्या मुलाजवळ आहे आणि आपल्याजवळ नाही. आई रागावते, वडील ‘अभ्यास सोडून हे काय?’ म्हणतात आणि आजोबा, आपल्या ट्रंकेच्या तळाशी जपून ठेवलेल्या तशाच एका डब्याचे स्मरण होऊन, वर्तमानपत्र किंचित वर धरतात.

२०२५ सालच्या दिवाळीत नागपूरहून जबलपूरला आमच्याकडे आलेला अकरा वर्षांचा नातू असाच एका संग्रहात बुडून गेला होता. फरक एवढाच की त्याच्या संग्रहातील एकही वस्तू हाताला लागत नव्हती. ती सारी मंडळी एका हातात मावणाऱ्या पडद्याच्या यंत्रात राहत होती. ‘पोकेमॉन’ या जपानी खेळमालिकेतील ‘लेजेंड्स झेड-ए’ हा नवा खेळ १६ ऑक्टोबरला जगभर विक्रीस आला आणि लक्ष्मीपूजन आले त्याच महिन्याच्या २० तारखेला. भाच्याचे लाड करण्यात मामा नेहमीच तत्पर असतात. तेव्हा त्या वर्षी फराळाच्या ताटाला कोणाशी स्पर्धा करावी लागली, हे वाचकांना निराळे सांगावयास नको.

मुलांच्या डोळ्यांवर येणारा ताण, वाया जाणारा वेळ, खर्च इत्यादी तक्रारी घरोघरी रोज ऐकू येतात. त्या खऱ्याही आहेत. परंतु त्यांत मी भर घालणार नाही. मी बत्तीस वर्षे महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले. त्यामुळे कोणी ‘जीव गोळा करतो आहे’ म्हटले की ते जीव कोणते, आणि ते कोणी कल्पिले, याचेच मला पहिल्याने कुतूहल वाटते.

पोकेमॉन हे ‘पॉकेट मॉन्स्टर्स’ या शब्दांचे संक्षिप्त रूप. आपल्या भाषेत सांगायचे तर खिशातले प्राणी. खेळणाऱ्याने रानात, डोंगरात, नदीकाठी हिंडावे, विचित्र जीव शोधून एका लहानशा गोलकात धरावेत, त्यांना वाढवावे आणि दुसऱ्याच्या जीवांशी झुंजवावे, असा हा खेळ. झुंजीत हरलेला जीव मरत नाही. तो मूर्च्छित होतो आणि उपचारकेंद्रात नेला की पुन्हा टवटवीत होतो. पहिला खेळ २७ फेब्रुवारी १९९६ रोजी जपानात ‘लाल’ आणि ‘हिरवा’ अशा दोन आवृत्त्यांत प्रसिद्ध झाला. त्या वेळी या जीवांची संख्या १५१ होती. २०२२ च्या ‘स्कार्लेट’ आणि ‘व्हायलेट’ या खेळांपर्यंत व त्यांच्या पुरवण्यांपर्यंत येता येता ती १०२५ झाली. नातवाला त्यांतील बहुतेकांची नावे मुखोद्गत आहेत. माझ्या वर्गातील विद्यार्थ्यांना संधिपाद प्राण्यांचे गण पाठ करविताना मला जे कष्ट पडत, ते आठवून मी थक्क झालो.

या खेळाचा जनक सातोशी ताजिरी. त्यांचा जन्म १९६५ चा, आणि बालपण गेले टोकियोजवळच्या माचिदा या गावी. त्या काळी तेथे भातखाचरे होती, ओढे होते, झाडी होती. आणि या मुलाला किड्यांचे इतके वेड की सोबती त्याला ‘किड्यांचा डॉक्टर’ म्हणत. जपानात हे वेड नवलाचे नाही. तेथे घंटेसारखा नाद करणारे रातकिडे हौसेने पिंजऱ्यात पाळतात, शिंगांचे मोठे भुंगे दुकानात विकत मिळतात, आणि ओसामु तेझुका या थोर चित्रकथाकाराने तर एका भुंग्याच्या नावावरून आपल्या टोपणनावात ‘कीटक’ या अर्थाचे अक्षर घालून घेतले होते. झाडाच्या सालीला मध लावून भुंगे पकडण्याची रीत तेथील मुलांना ठाऊक होतीच. ताजिरींनी आपली निराळी युक्ती काढली. भुंगे दिवसा दगडाखाली झोपतात हे त्यांनी हेरले होते. म्हणून ते झाडाखाली दगड ठेवीत आणि सकाळी जाऊन तो उचलीत. प्राणिशास्त्राच्या अध्यापकाला हे वाचून आनंद न झाला तरच नवल! यालाच निरीक्षण म्हणतात, आणि ते कोणत्याही क्रमिक पुस्तकाने शिकविलेले नव्हते.

पुढे गाव वाढले. खाचरांवर घरे उठली, रस्ते आले, झाडी गेली. ज्या तळ्यावर मुले मासे धरीत त्या जागी यांत्रिक खेळांचे केंद्र उभे राहिले. मौज अशी की किड्यांना मुकलेला तो मुलगा त्याच यांत्रिक खेळांच्या नादी लागला, १९८३ पासून त्या खेळांविषयीचे एक हस्तलिखितवजा नियतकालिक काढू लागला आणि १९८९ साली त्याच नावाने त्याने खेळ तयार करणारी संस्था स्थापन केली. त्याच वर्षी खिशात मावणारे एक खेळयंत्र बाजारात आले होते. दोन यंत्रे तारेने जोडता येत. ती तार पाहून ताजिरींच्या मनात आले की या तारेवरून एखादा किडा या यंत्रातून त्या यंत्रात चालत जात असेल तर? पोकेमॉनचा उगम या एका चित्रात आहे. खेळ पुरा व्हायला सुमारे सहा वर्षे लागली; मध्यंतरी पैसे संपत आले, माणसे सोडून गेली. दोन आवृत्त्या काढण्याचे कारणही या तारेतच आहे. काही जीव लालमध्ये मिळत नाहीत, काही हिरव्यात मिळत नाहीत. म्हणून कोणाही मुलाचा संग्रह एकट्याने पुरा होऊ शकत नाही. त्याला दुसऱ्या मुलाच्या घरी जावेच लागते.

आता शास्त्राच्या दृष्टीने एक तक्रार मात्र नोंदविली पाहिजे. या खेळात एक जीव बदलून दुसरा झाला की त्याला उत्क्रांती म्हणतात. अळीचा कोष आणि कोषाचे फुलपाखरू होणे ही उत्क्रांती नव्हे, हे रूपांतरण होय. आणि हा भेद मी नातवाला चकली खाता खाता समजावून दिला. तो म्हणाला, “आबा, खेळात तसंच म्हणतात, तुम्ही काय कराल?” या युक्तिवादाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. तथापि ज्यांनी हे जीव रेखाटले त्यांनी किडे डोळे उघडे ठेवून पाहिले आहेत, यात शंका नाही. २००२ च्या एका खेळात जमिनीखाली राहणारे एक पिलू आहे, निंकाडा नावाचे. ते वाढून चपळ पंखांचे होते. आणि संग्रहात एक जागा रिकामी असेल, तर त्याने टाकलेली कातही निराळा जीव होऊन तेथे येऊन बसते. झाडाच्या बुंध्याला चिकटलेली, पाठीवर उभी चीर पडलेली रातकिड्यासारखी दिसणारी पोकळ कात ज्याने पाहिली आहे (ती असते चिकाडा नामक किड्याची), त्याला ही कल्पना कोठून आली ते सांगावे लागत नाही.

भाऊबीजेच्या सकाळी एक गोष्ट घडली. सूनबाईंनी नातवाला फोडणीसाठी कढीलिंब आणावयास परसात पाठविले होते. तो धावत आला आणि म्हणाला, “आबा, कॅटरपी! खरीखुरी कॅटरपी आहे आपल्याकडे!” जाऊन पाहतो तो फांदीवर बोटाच्या पेराएवढी हिरवीगार अळी. लिंबाच्या कुळातील झाडांवर वाढणाऱ्या फुलपाखराची ती अळी मी असंख्य वेळा पाहिली होती. मी गवताच्या काडीने तिला हलकेच डिवचले. तत्क्षणी तिच्या डोक्यामागून दुभंगलेले तांबूस शिंग बाहेर आले आणि उग्र दर्प पसरला. नातू दोन पावले मागे सरला आणि मग आनंदाने ओरडला, कारण खेळातील कॅटरपीच्या डोक्यावरही तसेच तांबडे शिंग असते आणि शत्रूला पळवून लावण्यासाठी तीही त्यातून दुर्गंध सोडते, असे तेथील कोशात लिहिलेले आहे. माझ्या परसातील अळी जणू त्या कोशाबरहुकूम वागली होती! वस्तुतः क्रम उलटा आहे, हे त्याच्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला.

२००२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात इंग्लंडमधील काही शास्त्रज्ञांनी एक लहानसा अभ्यास प्रसिद्ध केला होता. प्राथमिक शाळेतील १०९ मुलांना त्यांनी चित्रे दाखविली. काही सभोवतालच्या वनस्पतींची व प्राण्यांची, काही पोकेमॉनची. चार वर्षांच्या मुलांना खऱ्या जीवांपैकी ३२ टक्के ओळखता आले आणि पोकेमॉनपैकी केवळ ७ टक्के. आठव्या वर्षी खऱ्यांचे प्रमाण ५३ पर्यंत चढले होते. पोकेमॉनचे ७८ पर्यंत. हे आकडे मुलांविषयी विषाद वाटावा म्हणून सांगितले जातात. मला त्यात निराळेच दिसते. आठ वर्षांच्या मुलाच्या मेंदूत शेकडो जीवांची नावे, रूपे, स्वभाव साठवून ठेवण्याची जागा आहे, हे त्यातून सिद्ध झाले. ती जागा कोणी भरावी हा प्रश्न आपण वडीलधाऱ्यांपुढचा आहे.

नव्या खेळाविषयी थोडे सांगतो, कारण त्याने मला दोन रात्री बेचैन केले. त्याची सारी कथा लुमिओज नावाच्या एकाच शहरात घडते. हे शहर २०१३ च्या खेळात प्रथम आले होते. ते पॅरिसवरून बेतलेले असून मध्यभागी आयफेलची आठवण करून देणारा मनोरा आहे. पूर्वीच्या बहुतेक खेळांत दोन्ही पक्ष पाळीपाळीने चाल करीत. येथे सर्वकाही एकाच वेळी, धावत्या गतीने घडते, आणि म्हाताऱ्या डोळ्यांना ते झेपत नाही. पण विषय लक्षवेधक आहे. शहराची नवी रचना चालू आहे, माणसे आणि प्राणी दोघांनाही त्यात राहता यावे असा हेतू आहे. त्यासाठी शहरात ठिकठिकाणी प्रकाशाच्या भिंतींनी वेढलेले वन्य विभाग राखलेले आहेत. खेळ पुढे सरकतो तसतसे हे विभाग वाढत जातात. आत पाऊल टाकून बेसावध राहिलात तर तेथील प्राणी तुमच्यावरच धावून येतात.

लहानपणी माचिदाचे तळे गमावलेल्या माणसाच्या कल्पनेतून निघालेली मालिका तीस वर्षांनी शहरात रानासाठी जागा कशी ठेवावी, या प्रश्नापाशी येऊन पोचावी, हे मला फार अर्थपूर्ण वाटले. आमचे जबलपूर बावन्न तलावांचे शहर म्हणून सांगितले जाते. आज चेरीताल म्हटले की वस्ती डोळ्यांपुढे येते, पाणी नव्हे. राणीताल म्हटले की क्रीडांगण. नातवाने विचारले, “मग तिथले बेडूक कुठे गेले?” खेळात सुमारे २३० जातींनाच त्या शहरात प्रवेश मिळाला आहे, बाकीच्या नाहीत, हे त्याला खटकत होते. २०१९ साली ‘सोर्ड’ आणि ‘शील्ड’ या खेळांत जुन्यांपैकी अनेक जीव नसतील असे जाहीर झाले, तेव्हा जगभरच्या खेळाडूंत केवढी खळबळ उडाली होती, तेही त्याला माहीत होते. मी त्याला जपानी पाणमांजराविषयी सांगितले. त्या देशाच्या पर्यावरण मंत्रालयाने २०१२ साली ते नामशेष झाल्याचे जाहीर केले. “पुढच्या भागात परत आणता येत नाही?” असे तो म्हणाला, आणि मग स्वतःच गप्प झाला.

माझ्या कपाटात टाचणीला टोचलेल्या किड्यांच्या तीन पेट्या आहेत, डांबराच्या गोळ्यांच्या वासासह. त्या पाहून तो म्हणाला, “आबा, हे सगळे मेलेत?” मी होय म्हणालो. विद्यार्थ्यांना शिकविण्यासाठी तसे करावे लागते हेही सांगितले. त्याला ते पटलेले दिसले नाही. त्याच्या गोलकातील जीव रात्री बाहेर येऊन त्याच्याशी खेळतात!

आम्ही एक वही केली. अट त्याची: मारायचे नाही. अट माझी: नाव लिहिण्यापूर्वी तीन वेळा पाहायचे. एका पोकेमॉन-खेळात, २०२२ च्या ‘आर्सिअस’मध्ये, गवतात दबून बसून एकेका जीवाची पुनःपुन्हा पाहणी केल्याखेरीज त्याचे पान पुरे होत नाही, त्यामुळे माझी अट त्याला यत्किंचितही जाचक वाटली नाही. चार दिवसांत चतुर, नाकतोडा, शेणकिडा, दोन जातींचे मुंगळे, पाल आणि बुलबुल एवढे दाखल झाले. मृगाचा किडा पावसाळ्याशिवाय भेटणार नाही म्हणून त्याच्या पानावर ‘जून’ एवढेच लिहून ठेवले आहे.

अळीने तो जाण्याच्या आदल्या दिवशी कोष केला. पुढे अकराव्या दिवशी सकाळी सातला फुलपाखरू निघाले. मी दूरध्वनीवर चित्र दाखविले, तो तेव्हा शाळेच्या गणवेशात होता. पंख वाळायला तासभर लागेल, तोवर त्याची बस सुटणार होती. बरणीवर जाळी घालून रविवारपर्यंत ठेवता येईल काय, असे त्याने विचारले. ठेवता येईल, पण पंख फाटतील, असे मी सांगितले. पलीकडून बराच वेळ काही ऐकू आले नाही. मग तो म्हणाला, “झाकण काढून ठेवा आबा, आणि कोणत्या बाजूला गेलं ते लिहा.”

ते पूर्वेकडे, शेजाऱ्यांच्या पेरूवरून गेले. तसे मी लिहिले आहे. वहीत आता तेवीस नावे आहेत. रातकिड्याचे पान अजून कोरे आहे, कारण न्हाणीघराच्या मागे तो रोज सायंकाळी ओरडतो, पण नेमका बसतो कोठे ते दोघांनाही सापडलेले नाही.