कवडीचुंबक

तेलंगणातल्या इंद्रवेल्लीहून उटनूरकडे निघालं की रस्त्याकडेच्या सागवनात हे भेटतं. तांबूस-करडं, पुरुषभर उंच, अंगावर उभ्या पन्हळी आणि मागायला येणाऱ्याला आधीच 'नाही' सांगून ठेवल्यासारखा चेहरा. वारूळ. लोक मुंग्यांचं म्हणतात, घर वाळवीचं.

काही वाया जाऊ द्यायचं नाही, हा याचा मूळ स्वभाव. माघ-फाल्गुनात साग पानं टाकतो. हातभर लांबीचं खरखरीत पान, पडतानासुद्धा वाजतं. थोड्याच दिवसांत त्यावर मातीचा पातळ लेप चढतो. तो नखानं उचलला, तर खाली पानाची नुसती शिरांची जाळी उरलेली असते आणि पांढुरके कामकरी उजेडाला भिऊन सैरावैरा पळतात.

एवढं खाऊनही ते यांना धड पचत नाही. अर्धकच्चं गिळलेलं आत नेऊन त्याची पोळी रचायची आणि त्यांवर टर्मिटोमायसिस नावाची बुरशी पिकवायची, अशी ही अंधारातली शेती. बुरशी पानातला कर्ब श्वासावाटे सोडून देते, नत्र मात्र धरून ठेवते. वाळक्या पानात नत्र जेमतेम शेकड्याला एक भाग. असल्या दळभद्री मालातून पौष्टिक अन्न काढायचं तर चिकटपणा हवाच.

आणि तो जंगलाच्या पथ्यावर पडतो. इथं पावसाळ्याच्या चार महिन्यांत हजार मिलिमीटरच्या आसपास पाणी कोसळतं. उघड्यावर जे सुटं असेल ते ओढ्यांनी पैनगंगेला जातं, नाहीतर कडेम नदीला. कुठूनही गेलं तरी शेवटी गोदावरीतच. वारुळाच्या पोटात शिरलेलं तेवढं जागेवर राहतं.

याच्या उलट उधळी म्हणजे आग. मोहाची फुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात. पानातलं नत्र बहुतेक धुरावाटे जातं. राखेतलं स्फुरद-पालाश वळवाच्या पहिल्या जोरदार सरीत वाहून जातं. वेचणारणीला बोल लावणं सोपं आहे. पण साफ जमिनीवर फूल चटकन दिसतं, आणि त्या फुलांवर घरातला किराणा येतो, हेही धरून बोलावं.

म्हातारं वारूळ मूठ सैल करतं ती पावसाच्या तोंडाशी. सांजवेळी भोकाभोकांतून पंखवाल्या वाळव्यांचे लोट निघतात आणि पक्षी, बेडूक, सरडे यांची चंगळ होते. अस्वलाला तेवढा धीर नसतो, ते एरवीही नखांनी तिजोरी फोडतं. पुढे आतल्या त्याच बुरशीच्या अळंब्या वर उगवतात. शेजारच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे त्यांना सात्या म्हणतात आणि बाजारात मटणाच्या तोऱ्यात विकतात.

आयत्या बिळावर नागोबा इथं अक्षरशः खरा. रिकाम्या वारुळात साप खुशाल राहतात. मान मात्र भाडेकरूला. केसलापूरला पौष अमावास्येला गोंडांच्या मेस्राम घराण्याची नागोबाची जत्रा भरते. त्यासाठी गोदावरीचं पाणी झारीतून पायी आणतात. जंगलानं नदीला घालवलेलं थोडंसं असं परत येतं म्हणायचं. पण त्या पूजेत लेकी-जावयांच्या हातून मातीची वारुळंही घडवली जातात, म्हणजे घरमालकाला अगदीच विसरलेले नाहीत.

खरी वाटणी होते ती मेल्यावर. राणी गेली, वसाहत उठली की वारूळ पावसात विरघळू लागतं. खोलातून वर आणलेली चिकणमाती, चुना, वर्षानुवर्षांची साठवण सगळी पायथ्याशी पसरते. तिथलं गवत आजूबाजूपेक्षा हिरवं असतं. जाणते शेतकरी ही माती शेतात नेऊन टाकतात. काहीजण मात्र जिवंत वारुळातच औषध ओतून मोकळे होतात.

सागाशी याचा व्यवहार अर्धाच. पान देतो, साल देतो, जून गाभा देत नाही. त्यात वाळवीला न मानवणारी द्रव्यं असतात. म्हणून इकडे चौकट सागाची बसवतात. स्वस्तात कुठलं तरी मऊ लाकूड बसवलं, की म्हातारं उंबऱ्यापाशी मातीचा लेप घेऊन हजर.