‘हॉरिफिक’ : जपून वापरायचा शब्द

इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलांच्या बोलण्यातून ‘हॉरिफिक’ हे विशेषण गोंदियातील व्यापारी घरांतही आता ऐकू येते. मे महिन्याचे ऊन ‘हॉरिफिक’, गणिताचा पेपर ‘हॉरिफिक’, बाजारातील गर्दीही ‘हॉरिफिक’! वडीलधाऱ्यांना त्यात वावगे वाटत नाही. परंतु शब्दाचा मूळ अर्थ ध्यानात घेतला, तर असा वापर खटकल्यावाचून राहत नाही.

लॅटिनमध्ये ‘हॉरेरे’ म्हणजे केस ताठ उभे राहणे, अंगावर काटा येणे. संस्कृतमधील ‘हृष्’ हा धातू भाषाशास्त्रज्ञ त्याच कुळातील मानतात. भारतात त्यातून ‘हर्ष’ आणि ‘रोमहर्षक’ हे शब्द आले. युरोपात लॅटिनमधून ‘हॉरर’ आणि ‘हॉरिफिक’ आले. शहारा एकच, येथे तो आनंदाचा झाला, तेथे भीतीचा.

‘हॉरिबल’ हे याच शब्दाचे भावंड. रोजच्या वापराने ते इतके झिजले, की बेचव चहालाही लावले जाते. मराठीत ‘भयंकर’चेही तेच झाले, ‘भयंकर आवडले’ असे लोक सहज म्हणतात. ‘हॉरिफिक’ची धार मात्र अद्याप बरीच टिकून आहे. जीवितहानी, क्रौर्य, भीषण अपघात अशा प्रसंगीच त्याचा वापर यथार्थ ठरतो.

९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा येथील जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागून दहा तान्ह्या बालकांचा अंत झाला. १ मे १९९९ रोजी वेगळा होईपर्यंत गोंदिया त्याच जिल्ह्याचा भाग होता; ते दुःख परक्या मुलखाचे नव्हते. ‘हॉरिफिक’ हा शब्द अशा घटनेसाठी आहे. तो उन्हावर आणि गर्दीवर आधीच खर्चून टाकला, तर त्या मातांच्या दुःखासाठी कोणता शब्द उरतो?

भाषासमिती ही साधूंच्या आचारातील पाच समित्यांपैकी एक. हितकर, मित आणि असंदिग्ध बोलावे, असे ती सांगते. गृहस्थालाही हा विवेक उपयोगी आहे. पाव किलो मालाला किलोचे वजन लावणारा दुकानदार गिऱ्हाइकाचा विश्वास गमावतो. शब्दांचेही तसेच आहे. म्हणून मुलांना घरातच सांगावे : ऊन कडक आहे, पेपर अवघड होता, गर्दी फार होती. एवढे पुरेसे आहे.