दोन गुणांचा शोधनिबंध

सहायक प्राध्यापकाच्या पदासाठी आलेल्या अर्जांची चाळणी विद्यापीठात एका तक्त्यावर होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमावलीतला तक्ता ‘३ अ’. पदवीला ८० टक्के असतील तर १५ गुण, पदव्युत्तरला तेवढेच असतील तर २५, पीएच.डी.चे ३०, नेटचे ५, जेआरएफ असेल तर ७. अनुभवाचे वर्षाला २. आणि शोधनिबंधाचे? प्रत्येकी २, सगळे मिळून फार तर १०. तेही निबंध समीक्षित नियतकालिकात छापलेला असेल तर.

संगणकशास्त्राच्या निवड समित्यांवर बाहेरचा तज्ज्ञ म्हणून जाऊ लागल्यापासून या तक्त्याशी माझी गाठ आहे. इतिहासाला किंवा रसायनशास्त्राला तो कितपत मानवतो, ते त्या विषयातल्या मंडळींनी सांगावं. आमच्याकडे काय होतं, ते असं.

ऑगस्ट २००२मध्ये आयआयटी कानपूरचे मणींद्र अगरवाल आणि त्यांचे नुकतेच बी.टेक. झालेले विद्यार्थी नीरज कयाल व नितीन सक्सेना यांनी एक रीत जगापुढे मांडली. एखादी संख्या मूळ आहे की नाही, हे ती रीत खात्रीने सांगते. आणि संख्या लांबत गेली तरी लागणारा वेळ आवाक्यात राहतो. हा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या अडलेला होता. काही दिवसांतच जगभरच्या तज्ज्ञांनी सिद्धता तपासली, मान्य केली. ‘अॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये निबंध छापून आला तो मात्र २००४मध्ये. २००६मध्ये त्याला गोडेल पुरस्कार मिळाला. आजच्या तक्त्यावर या निबंधाचं मोल पहिली दोन वर्षं शून्य, आणि त्यानंतर दोन गुण. पैसे भरून महिन्याभरात छापून आणलेल्या निबंधालाही दोनच.

आमच्या विषयाची आणखी एक रीत तक्त्यात बसत नाही. संगणकशास्त्रातलं बरंचसं अव्वल काम आधी परिषदांमध्ये येतं. आजच्या भाषा-प्रारूपांच्या मुळाशी असलेली ट्रान्सफॉर्मरची रचना २०१७मध्ये परिषदेतल्याच निबंधातून आली. या परिषदांना येणाऱ्या निबंधांची कसून समीक्षा होते आणि बहुतेक निबंध परत जातात. अमेरिकेतल्या विद्यापीठांनाही हे एकेकाळी समजावून सांगावं लागलं होतं. १९९९मध्ये डेव्हिड पॅटरसन, लॉरेन्स स्नायडर आणि जेफ्री उलमन यांनी तिथल्या संगणक-संशोधन संघटनेसाठी एक टिपण लिहिलं. संगणकशास्त्रज्ञाचं काम जोखताना परिषदेतले निबंध आणि त्याने उभ्या केलेल्या प्रणाली यांना पूर्ण वजन द्या, असा त्याचा आशय. आपल्या चाळणीत मात्र ‘परिषद’ म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो चहापान, प्रमाणपत्र आणि पिशवीवाला दोन दिवसांचा कार्यक्रम.

तरीही हा तक्ता फाडून टाका, असं मी म्हणणार नाही. तो आला तो वशिल्याला चाप बसावा म्हणून. तालुक्याच्या कॉलेजातून शिकलेल्या, कुणाची ओळखपाळख नसलेल्या मुलीला आपले गुण घरी बसून जोडता येतात, डावललं गेलं तर जाब विचारता येतो. ही लहान गोष्ट नाही. गंमत पुढे आहे. या नियमावलीनुसार चाळणी झाली की हे गुण बाजूला पडतात आणि अंतिम निवड निव्वळ मुलाखतीवर होते. म्हणजे जे शांतपणे वाचायला हवं ते आपण मोजतो, आणि पारखायची वेळ आली की पंधरा मिनिटांत उरकतो.

ती पंधरा मिनिटं कशी जातात? अध्यक्षस्थानी कुलगुरू, कुलपतींचे प्रतिनिधी, आम्ही तीन विषयतज्ज्ञ, अधिष्ठाता, विभागप्रमुख. बाहेर झेरॉक्सच्या जाडजूड फायली घेऊन बसलेले उमेदवार. आत ‘नॉर्मलायझेशनचे प्रकार सांगा’ छापाचे प्रश्न. एका मुलाखतीत उमेदवार बाईंचा प्रबंध समांतर चालणाऱ्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधण्यावर होता. त्यांना डेडलॉकच्या चार अटी विचारल्या गेल्या. त्यांनी त्या म्हणून दाखवल्या. मी विचारलं, “तुमच्या साधनाला कोणती चूक सापडत नाही?” बाई खुर्चीत सावरून बसल्या आणि बोलू लागल्या. कुठे अडलं, कोणता मार्ग सोडला, का सोडला. आपल्या कामाची मर्यादा नेमकी सांगता येणं ही संशोधकाची खरी खूण. ते ऐकायला वेळ हवा होता, पण पुढच्या उमेदवाराचं नाव पुकारलं गेलं.

चांगली माणसं विद्यापीठात का येत नाहीत, यावर नेहमीचं उत्तर येतं ते पगाराचं. विद्यापीठात सुरुवातीचं मूळ वेतन ५७,७०० रुपये, आयआयटीत सहायक प्राध्यापकाच्या वरच्या श्रेणीला १,०१,५००, आणि कंपन्यांचे आकडे त्याहून कुठच्या कुठे. ही चढाओढ श्रीमंत विद्यापीठंही हरतात. २०१५मध्ये उबरने कार्नेगी मेलनच्या रोबो-अभियांत्रिकी केंद्रातून सुमारे ४० माणसं एका फटक्यात उचलली. पण वर उल्लेख केलेल्या दोन विद्यार्थ्यांपैकी कयाल मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधनशाळेत गेले, तर सक्सेना परदेशातून आयआयटी कानपूरला परतले. प्रश्न स्वतः निवडायची मुभा आणि हाताखाली हुशार विद्यार्थी, ही विद्यापीठाची मिळकत आहे. खरी अडचण दिरंगाईची आहे. जाहिरात, बिंदुनामावली, कोर्टकज्जे यांत पद वर्षानुवर्षं अडकून राहतं, वर्ग तासिका तत्त्वावर चालतात, आणि चांगला उमेदवार तोवर दुसरीकडे रुजू होतो. उत्तर वेळेवर मिळालं तर कमी पगारातही येणारे आहेत.

आणि आलेल्यांची नीट पारख करण्यासाठी नवा कायदा नको. मुलाखतीच्या वेळी परिसंवाद किंवा वर्गातलं व्याख्यान ठेवून शिकवण्याची आणि संशोधनाची कुवत पाहण्याची मुभा याच नियमावलीत आहे. उमेदवाराने स्वतः निवडलेले दोन निबंध आठवडाभर आधी तिन्ही तज्ज्ञांकडे पाठवावेत. विभागातल्या विद्यार्थ्यांसमोर त्याचं तासाभराचं खुलं व्याख्यान व्हावं. आणि निवडीची कारणं तज्ज्ञांनी पानभर लिहून सही करावी, म्हणजे वशिल्याला पळवाट राहणार नाही. पुढच्या वेळी मला तज्ज्ञ म्हणून बोलावणाऱ्या कुलसचिवांना माझी एवढीच विनंती आहे: प्रवासभत्त्याच्या फॉर्मआधी ते निबंध पाठवा.