पिल्लाचा हक्क

लातूरकडे शेती करणाऱ्या माझ्या भावाच्या कारवान कुत्रीला पिल्लं झाली. धाकट्याने हट्ट धरला, "अम्मी, मामू एक देतायत, आणू या ना!"

दादी म्हणाल्या, "कुत्रा असलेल्या घरात फरिश्ते येत नाहीत." मी मुलाला समजावलं की शेत, जनावरांची राखण आणि शिकार यांसाठी पैगंबरांनी (स.) कुत्रा पाळायची मुभा दिली आहे. पण आपल्याकडे राखायला काय आहे?

"मी त्याचे लाड करीन," तो म्हणाला.

खरी अडचण तिथेच होती. कारवान ही सशामागे धावणारी जात. आमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांना सकाळी सातला कुलूप लागतं, ते दोनला निघतं. तहानलेल्या कुत्र्याला पाणी पाजणाऱ्याला अल्लाहने माफ केलं, हे मी दरवर्षी वर्गात सांगते. मग तशाच मुक्या जिवाला रोज सात तास कोंडायचं?

मी नाही म्हटलं. मुलगा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, तेव्हा जीव तुटला.

पिल्लू मामूंच्या शेतावरच वाढतंय. दर जुम्म्याला मुलगा फोनवर विचारतो, "मामू, आज किती धावला?"

भगिनींनो, जीव घरी आणण्याआधी त्याचा हक्क आपल्याच्याने अदा होईल का, एवढं पाहावं.