न गुंडाळलेलं पान

बांधावर उभं राहून बटाट्याच्या शेतातलं रोगी झाड हेरायचं, या एका कसबावर मी हयातभर मिरवलो. पानगुंडाळीचा विषाणू बेण्यातूनच आला असेल तर खालची पानं आधी वळतात, जाड होतात, मुठीत दाबली की पापडासारखी कुडकुडतात. साखर कंदाकडे उतरत नाही, पानातच पीठ होऊन साठते. तो माव्यानं याच हंगामात आणला असेल तर शेंड्याची पानं ताठ होऊन वळतात. जालंधरकडे मी हे चालता चालता सांगायचो, सोबतची माणसं थबकायची, आणि ते मला फार आवडायचं.

आता काचबिंदूनं नजर अधू झाली. माझ्याकडे शिकलेली मुलगी पानांचा रस एलायझा या विषाणू-चाचणीला लावते. तिच्या तक्त्यातल्या एका निवडीनं, म्हणजे चाचणीतल्या एका वाणानं, मला छळलं आहे. झाड टवटवीत, एक पान वळलेलं नाही, आणि रसात विषाणू भरपूर. "सर, हिला प्रतिकारक लिहू?" तिनं विचारलं. नाही! हे नुसतं सोसणारं झाड. रोगी झाड निदान उपटता तरी येतं. हे शेतात राहतं, मावा त्याच्यावर पोसतो आणि शेजारच्या सरीत जातो.

निरोगी दिसणाऱ्या झाडावर मावा बसलाच नाही, की बसला पण विषाणू रुजला नाही, की रुजून गप्प राहिला? एका हंगामात याचा उलगडा होत नाही. बटाट्याच्या दुसऱ्या एका, वाय विषाणूविरुद्ध मेक्सिकोच्या रानटी सोलॅनम स्टोलोनिफेरमचं एकच जनुक भक्कम उभं राहतं. पानगुंडाळीत बहुतेक वाणांचा प्रतिकार अनेक जनुकांनी थोडाथोडा पेललेला असतो, आणि मावा वाढला की तो डळमळतो.

म्हणून जाहिरातीत नुसतं 'विषाणू-प्रतिकारक' छापणाऱ्यांचा मला संताप येतो. कोणता विषाणू? वाय तर मावा सोंड टोचून काही सेकंदांत देऊन मोकळा होतो, फवारणी तिथे पोहोचतच नाही. पानगुंडाळीचा विषाणू माव्याच्या आतड्यातून लाळेत यायला तासन्‌तास घेतो, तिथे औषधाला थोडी सवड मिळते. १०० पानांवर २० मावा दिसायच्या आत पाला कापायचा, हा बेण्याच्या शेतातला जुना दंडक. तो पाळायचा कंटाळा आला की वाणावर भार टाकतात. आंबेगावच्या सातगाव पठारावरचा शेतकरी पंजाबचं बेणं विकत घेतो, तेव्हा त्यात काय दडलंय हे त्याला डोळ्यांनी कळायचा मार्ग नसतो.

त्या निवडीचं बेणं या हंगामात लावायला सांगितलंय, आणि तिच्या दोन्ही बाजूंना निरोगी कुफरी ज्योती वाणाची झाडं. ज्योतीची पानं तपासायचीत, तिची नव्हेत.